दाराजवळचे हनवते सर

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दाराजवळ एक खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड होता आणि बसलेला माणूस सारखा डुलायचा, म्हणून ती कुणालाच नको असायची. नवा माणूस आला की त्याला ती मिळायची आणि त्याच्यानंतरचा आला की त्याची सुटका व्हायची. हनवते सर आले, त्यांच्यानंतर आणखी पाचसहा जण आले, पण सर काही त्या खुर्चीवरून उठले नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, ती आता त्या नव्या गणितवाल्याला द्या की. तुमची शिक्षा संपली." तर ते दाराकडे बघत म्हणाले, "नको बाई. इथून जाता येतं."

कुठे जाता येतं ते विचारायचं राहून गेलं. माझ्या तासाची घंटा झाली होती.

ही गोष्ट वाशीची, वाशी नुकती वसत होती तेव्हाची. कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती, एका शाळेचा वरचा मजला उसना घेतला होता. खिडकीतून खाडी दिसायची आणि दिवसभर वारा असा सुटलेला असायचा की फळ्यावर लिहिताना खडूची भुकटी आपल्याच तोंडावर यायची. झाडं नव्हती. बिल्डिंगी सगळ्या एका छापाच्या. आमचे हे एकदा चांगली दहा मिनिटं दुसऱ्याच बिल्डिंगीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुलपाशी झटत होते. आत राहणाऱ्या बाईंनी दार उघडून "तुमची पुढची बिल्डिंग" असं शांतपणे सांगितलं, कारण त्यांना सवय झाली होती. सगळे पुलापलीकडून नाहीतर गावाकडून आलेले, कुणीच कुणाचं नाही. खरे इथले म्हणावेत असे आमचे शिपाई बळीराम पाटील. कॉलेज उभं होतं ती जमीन त्यांच्या घरच्या भातशेतीची. चहाचा ट्रे घेऊन आले की म्हणायचे, "मॅडम, आमचे शेतावं बसून तुमी चा पिता. जरा बेतानं बसा, खाली चिखल हाय." सगळे हसायचे. हनवते सर मात्र पाय फरशीवरून किंचित उचलून घ्यायचे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

सर तत्त्वज्ञान शिकवायचे. मूळचे नांदेडकडच्या एका खेड्यातले, उंच, सडपातळ, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. लग्न केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "लग्नात मला स्वतःला हजर राहावं लागेल ना." लोकांना हा विनोद वाटायचा. पण सर दुसऱ्यांच्या लग्नांनाही हजर राहत नसत. ते आदल्या संध्याकाळी जायचे. मंडप घालणाऱ्यांशी, आचाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे, नवरीच्या बापाच्या हातात आहेर ठेवायचे आणि परत यायचे. माझ्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दारात उभे राहून माझ्या बहिणीला "लग्न छान झालं" म्हणाले होते. बहीण अजून ते सांगते. मयताला मात्र वेळेवर, सगळ्यांच्या आधी. "तिथं कुणी काही बोलायची अपेक्षा करत नाही," ते म्हणायचे, "तिथं मी बरा असतो."

वर्गात हाच माणूस ओळखू यायचा नाही. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये प्लायवुडचं पार्टिशन होतं. मी इकडे मागणी आणि पुरवठा शिकवत असायची आणि तिकडून त्यांचा खणखणीत आवाज यायचा. त्यांच्याकडे मुलं मोजकीच, माझ्याकडे वर्ग भरलेला, पण माझी पोरं कान तिकडे लावून बसायची. माणसाला कुणी बनवून पाठवत नाही, तो आधी येऊन पडतो आणि मग रोज स्वतःला ठरवत बसतो, असं काहीतरी ते सांगत असायचे. एकदा म्हणाले, "गर्दीत माणूस हरवतो असं तुम्ही निबंधात लिहिता. माझं उलट आहे. मी एकटा असलो की मला माझा विसर पडतो. गर्दीत गेलो की मी सापडतो, हात कुठे ठेवू, तोंड कसं करू, सगळं सापडतं. दुखतं ते तिथं." माझ्या वर्गातल्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खडू आपटला आणि मागणीचा वक्र पुन्हा काढला.

मी विचारलं होतं, वर्गात एवढं बोलता, मग स्टाफ मीटिंगमध्ये तोंडात मिठाची गुळणी का? ते म्हणाले, "वर्गात मी सर आहे, बाई. ते आधीच ठरलेलं असतं. जिन्यात मी कोण असायचं ते कुणी ठरवून दिलेलं नाही."

जिना म्हणजे आमच्या बिल्डिंगीचा जिना. सर आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे. बाहेर पडायच्या आधी ते दाराआड उभे राहून कानोसा घ्यायचे आणि जिन्यात कुणाची पावलं नसतील तेव्हाच बाहेर यायचे. मला हे कळलं तेव्हा माझ्यातला वाह्यातपणा उफाळून आला. मी मुद्दाम त्यांच्या दारासमोर येऊन पावलं थांबवायची आणि गप्प उभी राहायची. आत तेही गप्प. शेवटी दार बोटभर उघडायचं आणि आवाज यायचा, "गेल्या नाहीत का तुम्ही?" मी म्हणायची, "नाही. आणि बस चुकली तर दोघांची चुकेल." मग ते निमूट कुलूप लावून माझ्यासोबत निघायचे. असं रोज झाल्यावर दोघांना सवय झाली. माझ्या थट्टेचा त्यांना राग कधी आला नाही. निदान दिसला तरी नाही.

रविवारी सकाळी ते एका ठिकाणी न चुकता जायचे. कांद्याबटाट्याचं मार्केट नुकतं सुरू झालं होतं त्याच्या अलीकडे एका मोकळ्या जागेवर बौद्ध वस्तीतल्या लोकांनी पत्र्याची शेड घालून विहार केला होता. कोकणातली, मराठवाड्यातली माणसं. कुणी कारकून, कुणी हमाल, बायका मार्केटात कांदा निवडायला जाणाऱ्या. रविवारी वंदना असायची. मी भाजीला त्याच वाटेने जायची, त्यामुळे मला दिसायचं. आत माणसं दाटीनं बसलेली, सगळ्यांचा एक आवाज लागलेला, आणि सर बाहेर, चपलांच्या ढिगाऱ्याशी उभे. ओठ हलत असायचे. वंदना त्यांना पाठ होती, पण ते म्हणायचे बाहेरून.

नुसतं उभं राहणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी चपला लावायला घेतल्या. वाऱ्यानं मातीत गेलेल्या उचलायच्या, जोडी जुळवायची आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून ओळीत ठेवायच्या, म्हणजे बाहेर येणाऱ्याचा पाय सरळ आत जातो. कुत्री एखादी पळवायची, तिकडे लक्ष ठेवायचं. पुढेपुढे कुणाची चप्पल कुठली हे त्यांना इतकं पाठ झालं की रस्त्यात माणूस भेटला तर ते आधी पायाकडे बघायचे आणि मग "जयभीम, तांबेसाहेब" म्हणायचे, तेही इतकं हळू की तांबेसाहेब दोन पावलं पुढे गेलेले असायचे.

मी म्हटलं, "आत जात नाही तर जाता कशाला?"

"घरी थांबलो की वाटतं, सगळे तिकडे आहेत आणि मी नाही. तिकडे गेलो की वाटतं, सगळे माझ्याकडे बघायलेत." घाईत असले की त्यांच्या बोलण्यात नांदेड यायचं. "मग मी मधे थांबतो."

"मधे म्हणजे उन्हात."

"हो. ऊन लागतं तिथं."

आता जे झालं ते एप्रिलातल्या जयंतीला झालं. विहाराचं सगळं मिलिंद साळवे नावाचा एक तरुण बघायचा. रत्नागिरीकडचा, कुठल्याशा ऑफिसात क्लार्क, वीज भरलेला मुलगा. तो कित्येक महिने सरांच्या मागे लागला होता, "सर, तुमी अध्यक्ष व्हा. आपल्यात एवढं शिकलेलं दुसरं कोण हाय? भाषण मी लिहून देतो, टेन्शन नाय घ्यायचं." सर दर वेळी काहीतरी कारण सांगायचे. शेवटी मिलिंदनं आपल्या परीनं अर्थ लावला आणि तिथेच सगळं फसलं. जयंतीला शेडीत पाय ठेवायला जागा नव्हती, लाउडस्पीकर लागला होता, तो आम्हाला गच्चीत ऐकू येत होता. मिलिंद बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्यामधी एक माणूस आहे. कॉलेजात प्रोफेसर आहे. पण गर्व बघाल तर शून्य. स्टेजवर बसा म्हटलं तर नाय बसणार, आत या म्हटलं तर नाय येणार. तो काय करतो? तुमच्याआमच्या चपला राखतो! याला म्हणतात नम्रता! हनवते सर, आज समाज तुमचा सत्कार करतो!"

टाळ्या पडल्या. आतली सगळी माणसं एकदम मागे वळली. हे मला नंतर मिलिंदनंच सांगितलं. सर हातात कुणाची तरी चप्पल धरून उभे होते. ती त्यांनी खाली टाकली, पायाला लागेल ते चढवलं आणि चालायला लागले. चालायला म्हणजे जवळजवळ पळायलाच. मिलिंद शाल आणि नारळ घेऊन रस्त्यापर्यंत मागे आला होता.

मी जिन्यात होते तेव्हा ते वर आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांच्या एका पायात त्यांची स्वतःची काळी चप्पल होती आणि दुसऱ्यात निळ्या पट्ट्याची बायकी स्लीपर. मला हसू आवरेना. मी बोट दाखवलं. त्यांनी खाली पाहिलं आणि ते पायरीवर बसलेच.

"विहारात येतात त्या सारजामावशीची आहे," ते म्हणाले. "टाचेला झिजलीये बघा. त्या अनवाणी गेल्या असतील."

"सत्कार सोडून पळालात म्हणे."

"बाई, ते मला नम्र समजायलेत."

"मग? शिव्या तर नाही दिल्या ना."

"मी नम्र नाही. मी भितो." त्यांनी ती स्लीपर पायातून काढली. "माझा आजा गावातून जाताना चपला काढून हातात घ्यायचा. चावडीवर बोलावलं तर दाराबाहेर मातीत उभा राहायचा, आत यायची बंदी होती. त्याला दार बंद होतं म्हणून तो बाहेर. मला दार उघडंय. हाका मारायलेत मला आतून. तरी मी बाहेर उभा राहतो, हातात चपला घेऊन, आणि लोक टाळ्या वाजवतात. आजाला काय सांगू मी?"

मी म्हटलं, "सोडून द्या. चार दिवसांनी विसरतील."

"ज्याला विसरतील तो मी नव्हेच," ते म्हणाले. "त्यांनी ज्याला आपला म्हटलं तो दुसराच कुणी आहे. मला त्यांच्यातलं व्हायचं असेल तर त्यांना सांगावं लागेल. आणि सांगायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल. तेच तर मला येत नाही."

त्यानंतरचे दिवस खालच्या मजल्यावरून येरझाऱ्यांचा आवाज यायचा. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. आमचे हे म्हणाले, "खाली कुणाचं बाळंतपण आहे का?" ती निळी स्लीपर सरांच्या उंबऱ्याशी धुऊन ठेवलेली होती. दोन रविवार ते विहाराकडे गेले नाहीत. मिलिंद घरी येऊन दार वाजवून गेला, सरांनी उघडलं नाही. मी वरून ऐकत होते. मला चीड आली होती, सरांची नाही, मिलिंदचीही नाही, नुसतीच.

तेवढ्यात विहाराच्या शेडीला नोटीस लागली. जागा अनधिकृत आहे, खाली करा. त्या रविवारी वस्तीची सभा ठरली. सर माझ्या दाराशी आले. त्यांनी आपण होऊन माझी बेल वाजवली ती ही पहिली वेळ.

"बाई, सोबत याल का? फक्त कोपऱ्यापर्यंत."

हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्लीपर होती. मी पदर खोचला आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत म्हणता म्हणता शेडीपर्यंत गेलो. आत मिलिंद तावातावानं बोलत होता, माणसं चिंतेत होती. घरं नाही पाडली तरी हा एक पत्रा गेला की आपण इथे कोण, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. सर दारात थांबले. मी चपलांपाशी थांबले. ते आता वळणार असं मला वाटलं. त्यांनी दाराचा खांब धरला होता.

मिलिंदनं त्यांना पाहिलं. "या सर! आपले सर आले!"

"मी नम्र नाही," सर म्हणाले. वर्गातला आवाज कुठच्या कुठे गेला होता. मागच्यांना ऐकू गेलं नाही, "काय? काय म्हणाले?" सुरू झालं. सरांना तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. "मी नम्र नाही. मी चपला राखतो कारण मला आत यायची भीती वाटते. तुमची भीती वाटते. तुम्ही काही केलेलं नाही. मला माणसांचीच भीती वाटते, लहानपणापासून. तुम्ही टाळ्या वाजवल्या त्या चुकीच्या माणसाला. एवढंच सांगायचं होतं." आणि मग, काहीतरी करायला हवं म्हणून, त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि स्लीपर पुढे केली. "ही सारजामावशीची."

एकदोन पोरं फिसकन हसली. मिलिंदचा चेहरा उतरला होता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात टेकून उठली, दारापर्यंत आली आणि स्लीपर उलटीपालटी करून बघितली.

"धुतली व्हय?" सारजामावशी म्हणाली.

"हो."

"भ्या वाटतंय तुला?"

"हो, मावशी."

"मंग आत बसून भी की, लेकरा. भाईर उभा ऱ्हाऊन भिलास तर येकटाच भितोस. आत आमी बी भिऊनच बसलोय. ती नोटीस लागल्यापून मी रातच्याला उठून शेड हाय का बघून जाते." आणि तिनं त्यांच्या मनगटाला धरून आत ओढलं. सर दारालगतच्या खांबाशी बसले, गुडघे छातीशी घेऊन. घामानं निथळत होते, एकदाही मान वर केली नाही. पण सभा संपेपर्यंत बसले.

हे ऐकून कुणाला वाटेल की माणूस सुधारला. छे. पुढे काही वर्षांनी ते नांदेडला बदली मागून गेले, तोवर जिन्यातला कानोसा चालूच होता आणि आखूड पायाची खुर्ची त्यांचीच होती. निरोपसमारंभालाही आदल्या दिवशी येऊन गेले. विहाराला नंतर दुसरी जागा मिळाली, आता तिथे पक्की इमारत आहे. सगळ्यात शेवटी मी त्यांना बसस्टॉपवर पाहिलं, ट्रंक घेऊन, रांगेत सगळ्यांच्या मागे आणि रांगेपासून हातभर दूर. पण शेवटचे म्हणून मला ते असे आठवतच नाहीत.

मला आठवतो तो दिवस, शेड पाडायला आले तेव्हाचा. सभेत ठरल्याप्रमाणे सगळे सकाळपासून आत जाऊन बसले होते, बायकापोरांसकट. बाहेर बुलडोझर, पोलिसांची निळी गाडी आणि वाऱ्यानं डोळ्यांत जाणारी धूळ. मी कॉलेजला निघाले होते, पण बसस्टॉपवरून मागे फिरले. पोलीस एकेकाला उचलून आणत होते. कुणी आरडत होतं, कुणी घोषणा देत होतं, मिलिंदचा शर्ट फाटला होता. आत विहार, त्यामुळे सगळे अनवाणी, आणि चपला घालायला कुणी थांबू देईना. सर दोन हवालदारांच्या मधून चालत आले. चेहरा पांढराफटक. गाडीच्या दाराशी ते क्षणभर अडले. आत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसावीत तशी भरलेली होती. मला वाटलं, आता हा माणूस मरतो. मग आतून कुणाचा तरी हात आला, आणि ते आत गेले. त्यांच्यामागून आणखी माणसं कोंबली, त्यामुळे दाराजवळची जागा राहिली नाही. ते पार मधे ढकलले गेले.

गाडी सुरू झाली तेव्हा जाळीला त्यांचा चेहरा आला. इकडेतिकडे बघत होते. मी दिसल्यावर ओरडले. हो, ओरडलेच, भर रस्त्यात.

"बाई! चपला!"

"बघते मी!"

"जोडीनं लावा! तोंड बाहेर करून!"

गाडी गेली. बुलडोझरवाला माझ्यामुळे खोळंबला होता. मी म्हटलं, थांब रे बाबा, आणि पर्स खांद्यावरून गळ्यात अडकवून खाली बसले. ढीग मोठा होता आणि पोलिसांच्या पायांनी तुडवून पार विस्कटलेला. एकेक जोड उचलून मी रस्त्याच्या कडेला लावत गेले. सरांची काळी चप्पल मी आधी कडेला शोधली, दाराच्या बाजूला, तिथे नव्हती. ती शेवटी सापडली, ढिगाच्या अगदी मधोमध, सारजामावशीच्या निळ्या स्लिपरांखाली.